रोज बायबल वाचते, पण मला काहीच मिळत नाही

"पहाटे उठते, प्रार्थना करते, बायबल वाचते. पण वाचून झाल्यावर हाती काही लागत नाही. माझंच काही चुकतंय का?"

धुळे-नंदुरबारकडच्या ख्रिस्ती कुटुंबांतून ही तक्रार माझ्याकडे वारंवार येते. विचारणारे बहुतेक जण मनापासून वाचणारे असतात. ज्यांना वाचनाचं सोयरसुतक नाही, ते या प्रश्नासाठी एस.टी.चं तिकीट काढून येत नाहीत. म्हणून एका ताईंचा अनुभव त्यांच्या परवानगीने सांगते आहे. नाव देत नाही आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

ताई चाळिशीतल्या. घरी थोडी कोरडवाहू शेती, त्यात कापूस. मुलगा पोलीस भरतीची तयारी करणारा. गावातल्या मंडळीची, म्हणजे चर्चच्या लोकांची, दर आठवड्याला कोणाच्या ना कोणाच्या घरी प्रार्थना सभा असते आणि तिथे प्रत्येकाने साक्ष द्यायची, म्हणजे देवाचा आलेला अनुभव सांगायची, पद्धत आहे. त्यांची जाऊ दर वेळी उठून सांगते, "या आठवड्यात प्रभू माझ्याशी या वचनातून बोलला." ताईंची पाळी आली की त्या मान खाली घालतात. पहिल्या भेटीत बराच वेळ त्या शुद्ध मराठीत, जपून बोलल्या. मग एकदम त्यांच्या तोंडून अहिराणी आली: "देव सगळास्ना संगे बोलस, फक्त मन्हासंगेच बोलस नही."

आधी मी त्यांची झोप, भूक, कामातलं लक्ष यांची चौकशी केली. हे मी नेहमी करते आणि पाळकांनीही, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंनीही, करावं असं मला वाटतं. माणूस आठवडेच्या आठवडे नीट झोपत नसेल, कशातच मन लागत नसेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर बायबल कोरडं वाटणं हे आजाराचं लक्षण असू शकतं. अशा माणसाला "अजून प्रार्थना करा" एवढंच सांगून परत पाठवणं क्रूरपणाचं आहे. त्याला डॉक्टरकडे न्यायला हवं. टेली मानस या मानसिक आरोग्य सेवेच्या 14416 या सरकारी क्रमांकावर मोफत बोलताही येतं. ताईंचं तसं नव्हतं. त्या थकलेल्या होत्या, दुखावलेल्या होत्या, पण आजारी नव्हत्या.

मग वाचन कसं चालतं ते विचारलं. त्यांनी वर्षभरात संपूर्ण बायबल वाचायचं ठरवलं होतं. एकूण अध्याय 1189, म्हणजे रोज तीनाहून जास्त. पाणी भरायच्या आणि भाकरी टाकायच्या आधी एवढं उरकायचं. उत्पत्ती, निर्गम ही पहिली दोन पुस्तकं कशीबशी पार पडली आणि जानेवारी संपता संपता तिसरं, लेवीय, आलं. होमार्पण, अन्नार्पण, पापार्पण, मग कातडीवरच्या चट्ट्यांचे नियम. त्यातल्या प्रत्येक अध्यायातून त्या स्वतःसाठी एक तरी बोध काढायचा प्रयत्न करत होत्या. सापडला नाही की आपलं मन कठीण झालंय असं समजून रडत होत्या. इशाऱ्याचं वचन आलं तर मात्र ते नक्की आपल्यासाठीच, अशी त्यांची खात्री असायची.

वर्षभराची ती योजना मी थांबवायला सांगितली. त्यांना ते पाप वाटलं. बायबल एका वर्षात संपवा अशी आज्ञा बायबलमध्ये कुठेही नाही, हे मी त्यांच्यासमोर ठामपणे म्हटलं. एकच उतारा घ्यायचा, तो आठवडाभर मोठ्याने वाचायचा आणि बहिणीला सांगावा तसा अहिराणीत सांगून बघायचा, एवढंच काम दिलं. स्वतःला लागू करायची घाई करायची नाही. कोण बोलतंय, कोणाला, त्यांच्यावर तेव्हा काय प्रसंग होता, एवढंच आधी बघायचं.

उतारा मात्र मी लेवीयमधलाच निवडला, एकोणिसावा अध्याय.

पुढच्या भेटीत ताईंचा चेहरा वेगळा होता. पीक कापताना शेताच्या कडेपर्यंत सगळं कापू नका, सरवा, म्हणजे कापणीनंतर शेतात पडून राहिलेलं धान्य, वेचू नका, तो गरिबांसाठी आणि परक्यांसाठी ठेवा, असं त्या अध्यायात सांगितलं आहे. लहानपणी आईबरोबर त्या स्वतः दुसऱ्यांच्या शेतात सरवा वेचायला गेल्या होत्या. बायबलमधली गरीब विधवा रूथ बेथलेहेमात जवाच्या शेतात सरवा वेचते ती गोष्ट त्यांना पाठ होती, पण ती या नियमावर उभी आहे हे कधी लक्षात आलं नव्हतं. "म्हणजे मॅडम, देवाने आमच्यासारख्यांचा विचार आधीच करून ठेवला होता," असं त्या म्हणाल्या. पुढे बहिऱ्याला शिव्याशाप देऊ नका, आंधळ्याच्या वाटेत अडथळा ठेवू नका, असं येतं. आणि अठराव्या ओवीत शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती करण्याची आज्ञा. येशूने सांगितलेल्या दोन थोर आज्ञांपैकी दुसरी ती हीच. ती लेवीयमधून आली आहे, हे कळल्यावर त्या कितीतरी वेळ त्याविषयीच बोलत राहिल्या.

पण त्यांना गाठलं ते तेराव्या ओवीने. मजुराचं वेतन सकाळपर्यंत स्वतःकडे ठेवू नका.

वेचणीला आलेल्या बायांची किलोवरची मजुरी त्यांच्याकडे थकली होती. खेडा खरेदीवाल्या व्यापाऱ्याने कापूस उचलून नेला होता आणि पैसे पंधरवड्याने देतो म्हणाला होता. आपल्या हातात आले की देऊ, असं ताईंनी आणि त्यांच्या नवऱ्याने ठरवलं होतं. त्यात लबाडी नव्हती. गावात सगळे असंच करतात. पण आठवडाभर तीच ओवी मोठ्याने वाचल्यावर त्यांना झोप येईना. शेवटी त्यांनी बचत गटातून उचल घेतली आणि आठवडे बाजाराच्या आदल्या दिवशी पाड्यावर जाऊन निम्मी मजुरी दिली. उरलेली कधी देणार तेही सांगून आल्या. नवरा दोन दिवस धुमसत होता. गटाचं व्याज कोण भरणार, हा त्याचा प्रश्न रास्तच होता.

"हा बोध म्हणायचा का?" त्यांनी मला विचारलं. त्यांना वाटत होतं की बोध म्हणजे अंगावर शहारा, डोळ्यांत पाणी, आतून आलेला आवाज. मी म्हटलं, ताई, तुम्ही वाचलंत, समजून घेतलंत, आणि कोणाचं देणं आहे ते तुम्हाला दिसलं. यापेक्षा वैयक्तिक काय असतं? मला या कामात पुन्हा पुन्हा हेच दिसतं. आपण उताऱ्यात स्वतःला शोधत बसतो. पण उताऱ्यातली माणसं आधी नीट पाहिली की आपल्या आयुष्यातली माणसं समोर येऊन उभी राहतात आणि मग आपण कुठे आहोत तेही समजतं.

याच्या खाली एक जुनं दुखणं होतं, ते पुढच्या भेटींमध्ये बाहेर आलं. वर्षाच्या सुरुवातीला मंडळीत वचनांची कार्डं काढतात, त्यात आदल्या वर्षी त्यांना यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातलं 29:11 निघालं होतं. तुमच्याविषयीचे माझे संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत, असं ते वचन. ताईंनी ते मुलाच्या भरतीसाठी धरून ठेवलं. मुलाचं मैदानी छान झालं, पण लेखी परीक्षेत तो मागे पडला. त्या दिवसापासून ते वचन समोर आलं की त्या पान उलटायच्या.

आम्ही तो अध्याय आणि त्याच्या आधीचा अध्याय सोबत वाचला. यहूदी लोकांना बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याने बाबेलला धरून नेलं आहे. हनन्या नावाचा संदेष्टा लोकांना सांगतो की दोन वर्षांत सगळं पूर्ववत होईल. यिर्मया मात्र बाबेलमधल्या लोकांना पत्र पाठवतो: घरं बांधा, बागा लावा, मुलाबाळांची लग्नं करा, ज्या शहरात आहात त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा, कारण सत्तर वर्षं लागणार आहेत. हिताच्या संकल्पाचं ते लाडकं वचन या सत्तर वर्षांच्या लगेच पुढे येतं. लवकर होईल असं गोड सांगणारा हनन्या खोटा ठरला.

ताई हे ऐकून रागावल्या. "मग हे कार्ड आम्हाला देतात कशाला?" तो राग मी शमवला नाही. त्या रागात त्यांचं वर्षभराचं दुःख होतं. स्तोत्र 88 वाचून दाखवलं. ते अंधारात सुरू होतं आणि अंधारातच संपतं, तरी बायबलमध्ये आहे. देवाला असंही बोलता येतं, हे त्यांना नवीन होतं. बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या, "मुलाला मी वर्षभर दुसरं काही शिकूच दिलं नाही. देवाने वचन दिलंय, तू फक्त भरतीकडे बघ, असं म्हणत राहिले." तो आता भरतीची तयारी करता करता आय.टी.आय.ला जातो. भरतीचं काय होईल ते कोणालाच ठाऊक नाही.

असंच वाचणाऱ्या इतरांना मला एवढंच सांगायचं आहे की काही दिवस काहीच सापडणार नाही. बायबलमधल्या 'पहिला इतिहास' या पुस्तकाच्या सुरुवातीचे नऊ अध्याय बहुतांशी नावांच्या याद्या आहेत. त्या वाचून उठावं आणि कामाला लागावं. आणि जो बोध दर वेळी आपल्यालाच बरोबर ठरवतो आणि समोरच्याला चूक, तो पाळकांना किंवा एखाद्या जाणत्या विश्वासू माणसाला सांगून तपासून घ्यावा. दर वेळी फक्त आपल्याला झोडपणाऱ्या बोधाचंही तेच करावं.

जावेचा विषय अजून मिटलेला नाही. ताई आता सभेत पाळी आली की कधी आठवड्याचा उतारा नुसता वाचून दाखवतात, कधी "आज माझ्याकडे काही नाही" असं सरळ सांगतात. त्यावर जाऊ एकदा म्हणाली की विश्वास कमी पडतोय. ते वाक्य त्यांना फार लागलं आहे. सध्या त्या लूकचं शुभवर्तमान वाचत आहेत आणि दहाव्या अध्यायापर्यंत आल्या आहेत, जिथे मार्था कामाच्या धबडग्यात बहिणीची तक्रार घेऊन येशूकडे येते. या उताऱ्यावर आणि जावेवर पुढच्या भेटीत बोलायचं ठरलं आहे.