दिग्दर्शक नक्की कोणाला व्हायचंय?

प्रश्न : मी सांगलीत बँकेत नोकरीला आहे. कॉलेजात एकांकिका बसवायचो, पण वडिलांनी पुढे जाऊ दिलं नाही. माझ्या मुलाच्या वाट्याला ते येऊ नये. तो बारावीत आहे, त्याला सिनेदिग्दर्शक करायचं मी ठरवलंय. मुंबईतल्या खासगी संस्थेसाठी घरावर कर्ज काढायचीही तयारी आहे. तो म्हणतो, मला सेटवर नको, एडिटिंगला बसायला आवडतं. पण एडिटरला ओळखतं कोण? त्याची समजूत कशी घालू?

उत्तर : ‘मी ठरवलंय’ इथेच मी अडकले. तुमच्या वडिलांनी ‘नाही’ म्हणून तुमचं ठरवलं, तुम्ही ‘हो’ म्हणून मुलाचं ठरवताय. पत्रात तुमच्या एकांकिका आहेत, तुमचे वडील आहेत. मुलाच्या वाट्याला एकच वाक्य आलंय, आणि तेही खोडून काढण्यापुरतं! खरं तर पत्रातलं सगळ्यात स्पष्ट वाक्य तेच आहे. बारावीतल्या किती मुलांना आपल्याला काय आवडतं हे इतकं नेमकं सांगता येतं?

एडिटर म्हणजे दिग्दर्शक सांगेल तिथे कात्री चालवणारा, हा समज आधी काढून टाका. कोणता शॉट कुठे थांबवायचा, कोणाच्या चेहऱ्यावर दोन क्षण जास्त रेंगाळायचं, अख्खा प्रसंग ठेवायचा की उडवायचा, यावर सिनेमा तरतो किंवा बुडतो. रेणू सलुजा यांनी हेच काम केलं आणि संकलनाचे चार राष्ट्रीय पुरस्कार मिळवले. उलट रोजच्या मालिकेचा दिग्दर्शक तुम्हाला वाटतो तेवढा राजा नसतो. कथा कुठे वळणार हे चॅनेल आणि लेखक ठरवतात. त्याला दिवसभरात ठरलेले सीन उरकायचे असतात. नागपूरचे राजकुमार हिरानी पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये (एफटीआयआय) संकलनच शिकले. दिग्दर्शक म्हणून त्यांचा पहिला सिनेमा 2003 साली आला, तेव्हा त्यांनी चाळिशी गाठली होती. (‘म्हणजे शेवटी दिग्दर्शकच झाले ना!’ असं मुलाला ऐकवू नका, प्लीज.)

कर्जाचं म्हणाल तर आत्ता मुळीच काढू नका. पुण्याच्या एफटीआयआयला किंवा कोलकात्याच्या सत्यजित राय इन्स्टिट्यूटला संकलनाचा स्वतंत्र अभ्यासक्रम आहे. त्यासाठी आधी पदवी लागते, शाखा कोणतीही चालते, मग प्रवेश परीक्षा. म्हणजे तीन वर्षं हातात आहेत. तेवढ्यात त्याला बरा कॉम्प्युटर घेऊन द्या आणि कॉलेजातल्या मित्रांच्या शॉर्टफिल्म कापू द्या. कापलेलं तुम्हाला दाखवलंच पाहिजे, अशी अट नको.

राहिला प्रश्न तुमचा. एकांकिका अजून डोक्यातून गेलेल्या नाहीत, हे पत्रात पानोपानी दिसतं. हौशी राज्य नाट्य स्पर्धेत तुमच्या वयाची कितीतरी माणसं नोकरी सांभाळून नाटकं बसवतात, आणि तुम्ही तर नाट्यपंढरीत राहता. तालमी बँक सुटल्यावरच असतात.