वाचकांचे प्रश्न : अलार्म वाजतो, गाडी सुरू होत नाही

प्रश्न (देवगड) : मे अखेरीस मुंबईला परतताना पेट्रोल हॅचबॅक पडवीला लावून गेलो. गणपतीला आलो तर रिमोट चालेना. चावीने दार उघडताच हॉर्न आणि चारही इंडिकेटर सुरू. सेल्फ मारला तर नुसतं टक-टक. मेकॅनिक म्हणतो, अलार्मने इंजिन लॉक केलंय, ईसीएम (इंजिन चालवणारा संगणक) बदलावा लागेल. खरंच?

उत्तर : ईसीएमला तूर्त हात लावू नका. ही टक-टक बहुधा उतरलेल्या बॅटरीची आहे.

कंपनीकडून आलेल्या व्यवस्थेत दोन वेगळी कामं असतात. अलार्म दारं, डिकी यांच्यावर नजर ठेवतो आणि बोंब मारतो. इंजिन अडवण्याचं काम इमोबिलायझरचं. चावीच्या प्लास्टिकमध्ये बसवलेली चिप तो वाचतो आणि ओळख पटली नाही तर इंजेक्टर आणि स्पार्क बंद ठेवतो. म्हणून इंजिन कसं अडतं ते आधी बघा. सेल्फ जोरात फिरतो पण इंजिन पकडत नाही, किंवा पकडून एक-दोन सेकंदांत बंद पडतं, तर संशय इमोबिलायझरवर. काही गाड्यांत स्टार्टरही (सेल्फची मोटर) अडवला जातो, पण मग टक-टकसुद्धा येत नाही, सगळं शांत असतं. टक-टक म्हणजे स्टार्टरपर्यंत हुकूम पोचतोय, त्याला ताकद मिळत नाही.

दार उघडताच अलार्म का वाजला? बऱ्याच मॉडेलमध्ये रिमोटने लावलेला अलार्म दाराच्या कुलपात चावी फिरवून उतरत नाही, गाडीला ती घरफोडीच वाटते. अशा वेळी मूळ चावी इग्निशनमध्ये घालून ‘ऑन’ करायची, बहुतेक गाड्या गप्प बसतात.

बॅटरीचा हिशेब सोपा आहे. बंद गाडीतही अलार्म, घड्याळ, लॉकिंग मिळून साधारण ३० मिलिअँपिअर खातात. दिवसाला ०.७२ अँपिअर-तास, महिन्याला जवळजवळ २२. तुमच्या गाडीची बॅटरी ३५ अँपिअर-तासांची असेल, तर जून संपता संपताच ती दोन तृतीयांश रिकामी झाली. पुढचे दोन महिने उरलेल्यावर.

बॅटरीच्या टोकांना मल्टिमीटर लावून व्होल्टेज बघा. १२.६ व्होल्ट म्हणजे पूर्ण, १२.२ म्हणजे अर्धी, ११.९च्या खाली रिकामीच समजा. सेल्फ मारताना आकडा ९.६च्या खाली गेला तर बॅटरी किंवा तिच्या जोडण्या कमजोर आहेत. व्होल्टेज इतकं पडलं की इमोबिलायझरलाही चावी नीट वाचता येत नाही. मग डॅशबोर्डवर किल्लीचा दिवा लुकलुकतो आणि ईसीएम गेल्याचा भास होतो.

आता जोडण्या. खाऱ्या वाऱ्यात टर्मिनलवर पांढरी-हिरवट भुकटी धरतेच. दहा नंबरच्या पान्याने आधी निगेटिव्ह काढा, मग पॉझिटिव्ह. ग्लासभर कोमट पाण्यात चमचाभर खायचा सोडा घालून जुन्या टूथब्रशने घासा, पाणी बॅटरीच्या झाकणांत जाऊ देऊ नका. कोरडं करा, आधी पॉझिटिव्ह आवळा, मग निगेटिव्ह, आणि वरून व्हॅसलिन. निगेटिव्हची तार बॉडीला जिथे बोल्टने बसते तिथला गंजही पॉलिश पेपरने काढा. ही जागा सगळे विसरतात, आणि किनाऱ्यावर निम्मी भानगड तिथेच असते.

जंपर केबलने दुसऱ्या गाडीच्या बॅटरीची वीज घ्यायची तर लाल केबलने पॉझिटिव्हला पॉझिटिव्ह जोडा. काळ्याचं एक टोक चांगल्या बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं तुमच्या इंजिनच्या उघड्या लोखंडाला. वीज येताच अलार्म पुन्हा कोकलेल, दचकून केबल ओढू नका, चावी ‘ऑन’ करा. दुसरी गाडी पाच-दहा मिनिटं चालू ठेवून मग सेल्फ मारा. सुरू झाली तरी बाजारापर्यंतच्या फेरीने ३५ची बॅटरी भरत नाही. चार्जरवर साडेतीन अँपिअरने दहा-बारा तास लावा. तीन महिने रिकामी राहिलेली बॅटरी पुष्कळदा त्यानंतरही चार्ज धरत नाही, मग बदलायचीच. पुढल्या मे महिन्यात जाताना निगेटिव्ह काढून ठेवा, पण डिकी फक्त विजेवर उघडत असेल तर आतलं सामान आधी बाहेर काढा.

प्रश्न (गुहागर) : रिमोटचं कव्हर फुटलं म्हणून दुकानातून नवीन बसवून घेतलं. दारं उघडतात, लागतात. इंजिन दोन सेकंद चालतं आणि बंद पडतं.

उत्तर : इमोबिलायझरची चिप जुन्या कव्हरमध्ये राहिली. ती रिमोटच्या सर्किटपासून वेगळी असू शकते: तांदळाच्या दाण्याएवढी काचेची नळी किंवा छोटा काळा तुकडा. तिला सेल लागत नाही, इग्निशनच्या कुलपाभोवतीच्या कॉइलमधूनच तिला वीज मिळते. म्हणूनच रिमोट चालतो आणि इंजिन चालत नाही. जुनं कव्हर फेकलं असेल तर आजच दुकान गाठा. तोवर जुळ्या चावीने गाडी चालेल. दोन्ही चाव्या एकाच कडीत मात्र ठेवू नका, एकीची चिप दुसरीच्या आड येते. चिप हरवलीच असेल तर नवी चावी गाडीशी जुळवून घ्यावी लागेल. त्यासाठी चालू असलेली चावी, आरसी आणि ओळखपत्र सोबत न्या.

प्रश्न (हर्णै) : बटण-स्टार्टची चावी खिशात असताना समुद्रात भिजली. आता गाडी म्हणते, चावी सापडत नाही.

उत्तर : क्लच किंवा ब्रेक पूर्ण दाबून चावीनेच स्टार्टचं बटण दाबा. काही गाड्यांत चावी ठेवायची खाच कन्सोलमध्ये असते, ती पुस्तिकेत पाहा. आतली चिप शाबूत असेल तर इंजिन सुरू होईल. मग चावी उघडून सेल काढा, सर्किट गोड्या पाण्याने हलकेच धुवा आणि सावलीत दिवसभर वाळवा. तांदळाच्या डब्यात पुरू नका, तांदूळ मीठ ओढत नाही आणि गंज मिठानेच चढतो. सेल नवा टाका, बहुधा सीआर २०३२, तीन व्होल्टचा.

प्रश्न (मालवण) : पाऊस लागला की रात्री अलार्म आपोआप वाजतो.

उत्तर : एखादा स्विच गाडीला दार उघडं असल्याचं खोटं सांगतोय. दारं बंद असताना केबिनचा दिवा किंवा डॅशवरचं दाराचं चिन्ह लागतं का ते पाहा. नसेल तर बॉनेटकडे वळा. सगळ्या गाड्यांना बॉनेटचा स्विच नसतो, पण असला तर तो कुलपाजवळ, पाणी आणि मीठ दोन्ही पोचेल अशाच जागी असतो. त्याचा दोन तारांचा कनेक्टर काढा, मल्टिमीटर बझरवर (जोड लागला की वाजतो त्या खुणेवर) ठेवून स्विचच्या दोन टोकांना लावा आणि स्विच बोटाने दाबून सोडा. प्रत्येक वेळी बझर वाजायला लागला किंवा वाजायचा थांबला पाहिजे. अडखळला तर स्विच नवा टाका, कनेक्टरमध्ये कॉन्टॅक्ट क्लीनर मारा. उंदरांनी तार कुरतडली नाही ना, तेही त्याच वेळी बघून घ्या.