रात्री नऊनंतरची ओपीडी

वणी, कोजागिरीचा दुसरा दिवस

प्रिय बेटा,

परवा फोनवर तू म्हणालीस, "सर, पेशंटचा कंटाळा नाही आला. पण सकाळी लॉगिन करायचं म्हटलं की पोटात गोळा येतो." आणि मग राजीनाम्याचं बोललीस. मी फार काही बोललो नाही, कारण रात्रीचे साडेनऊ झाले होते आणि सरकारी पोर्टलवरच्या तुझ्या साठ एन्ट्र्या बाकी होत्या. म्हणून हे पत्र.

आधी एक मनातून काढून टाक. तू कमी पडत नाहीयेस. २०१६ मध्ये अमेरिकेत ५७ डॉक्टरांच्या कामाचं शेजारी उभं राहून मोजमाप झालं. रुग्णाशी समोरासमोर घालवलेल्या प्रत्येक तासामागे जवळपास दोन तास संगणकात आणि टेबलावरच्या कामात जात होते. शिवाय घरी गेल्यावर रात्री एक-दोन तास वेगळेच. पुढच्या वर्षी तिकडच्याच विस्कॉन्सिन राज्यातल्या फॅमिली डॉक्टरांचं संगणकातल्या नोंदींवरून मोजलं, तर ११.४ तासांच्या दिवसातले ५.९ तास संगणकीय नोंदींत. या रात्रीच्या कामाला तिकडे 'पजामा टाइम' असं नावच पडलंय. त्यांच्याकडे वीज जात नाही, नेटवर्कसाठी गच्चीवर चढावं लागत नाही, तरी ही गत. तू तर डोंगरातल्या आरोग्य केंद्रात एकटी डॉक्टर आहेस आणि दुसरं पद रिकामं आहे.

आणि तुझं ओझं वेगळ्या जातीचं आहे. तिकडे नोंदी फुगल्या त्या बिलाच्या नियमांमुळे आणि इनबॉक्समध्ये येणाऱ्या निरोपांमुळे. तुझ्याकडे एकच गरोदर बाई किती ठिकाणी लिहावी लागते ते बघ. केसपेपरवर, सिस्टरच्या रजिस्टरात, माता-बालकांच्या आरसीएच पोर्टलवर, महिन्याच्या शेवटी एचएमआयएस या मासिक अहवालाच्या आकड्यांत. तिला बीपी निघालं तर बीपी-मधुमेहासारख्या आजारांचं एनसीडी पोर्टल, सिकलसेल या रक्ताच्या आजाराची तपासणी केली तर तिचं आणखी वेगळं. आरोग्य ओळखीचा चौदा आकडी 'आभा' क्रमांक काढायचा तर ओटीपी जातो आधारला जोडलेल्या मोबाईलवर, आणि तो मोबाईल नवऱ्याच्या खिशात पुण्याला! बाई ओट्यावर बसून राहते, मागे चाळीस माणसांची रांग. संध्याकाळी वरिष्ठांच्या व्हिडिओ मिटिंगमध्ये तुझं केंद्र मागे पडलेलं म्हणून लाल रंगात दिसतं. त्या लाल रंगामागे नवऱ्याचा मोबाईल आहे हे तिथे कोणाला दिसणार?

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये आयसीडी-११ या आजारांच्या वर्गीकरणात बर्नआउटची व्याख्या केली. त्याला आजार म्हटलेलं नाही, नोकरीतल्या न आवरलेल्या ताणाचा परिणाम म्हटलं आहे. तीन खुणा सांगितल्या आहेत : शरीर-मन रितं होणं, कामापासून मन तुटणं किंवा त्याबद्दल कडवटपणा येणं, आणि आपल्या हातून नीट काही होत नाही असं वाटणं. पहिली खूण तुला आहेच, ती झोपेनं थोडी भरून निघेल. मला काळजी दुसरीची आहे. का, ते सांगतो.

२०१७ मध्ये आपल्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना किती शेतकरी-मजूर विषबाधेनं गेले, तुला ठाऊक आहे. त्यानंतर आम्ही सगळेच डोळ्यांत तेल घालून होतो. पुढच्याच हंगामात माझ्यासमोर एक मजूर बसला होता. म्हणाला, "डोळ्यापुढं धुकं आल्यावानी वाटते जी, मळमळ सुटली." त्या दिवशी सायंकाळपर्यंत एक अहवाल भरायचा होता. मी स्क्रीनवरून नजर न हलवता विचारलं, "ताप आहे का?" आणि गोळ्या लिहिल्या. गोळ्या देताना सिस्टरच्या हाताला त्याचं घामानं निथळणारं मनगट लागलं. तिनं टॉर्च मारला. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, म्हणजे विषबाधा. त्यावरचं अ‍ॅट्रोपिन सुरू केलं, जिल्ह्याला पाठवलं, माणूस वाचला. नंतर त्याची बायको मला म्हणाली, "साहेब, तुमी तं त्या डब्ब्याकडं पाहूनच बोलत होते जी." ती भांडत नव्हती, जे दिसलं ते सांगत होती. त्या वाक्यानं मी कित्येक रात्री जागा राहिलो. फवारणीच्या दिवसांत धुकं आणि मळमळ हे शब्द ऐकून माझी मान वर व्हायला हवी होती. ती झाली नाही, कारण माणसापासून माझं मन आधीच थोडं सुटलेलं होतं आणि मला ते कळलंही नव्हतं.

नोकरी सोडण्याबद्दलही एक गोष्ट वाचली, ती माझ्या डोक्यातून जात नाही. २०२१ मध्ये अमेरिकेतल्याच एका अभ्यासात, सोडून गेलेल्या डॉक्टरांचा नोंदींतला वेळ जास्त असेल अशी अपेक्षा होती. इनबॉक्सच्या बाबतीत उलटं निघालं. जे गेले त्यांनी त्यात कमी वेळ घातला होता. मी याचा अर्थ असा लावतो की माणूस राजीनामा देण्याच्या आधीच आतून निघून गेलेला असतो. त्याच अभ्यासात, जिथे तपासण्या-औषधांच्या ऑर्डरी लिहिण्याचं काम इतरांबरोबर वाटलेलं होतं, तिथून डॉक्टर कमी गेले. आपल्याकडे तर एक गेला की त्याच्या एन्ट्र्या दुसऱ्याच्या डोक्यावर येतात. तुझ्या आधीचा गेला, त्याचं तू भोगते आहेस.

म्हणून एक साधी वही कर. पंधरा दिवस, फक्त इतकंच लिही : कोणतं पोर्टल, किती वाजता बसलीस, किती वाजता उठलीस, किती वेळा सर्व्हर बंद, कोणती माहिती दुसऱ्यांदा भरली. रात्री नऊनंतरचं लाल शाईनं. "खूप काम आहे" असं तोंडी सांगितलं की मिटिंगमध्ये मान डोलावतात आणि चहा येतो. तासांचा हिशेब लेखी दिला तर त्यावर काहीतरी लिहावं लागतं. डेटा एन्ट्रीसाठी माणूस माग. तो मिळेपर्यंत ज्या नोंदी सीएचओ (उपकेंद्रातले समुदाय आरोग्य अधिकारी) आणि सिस्टर यांच्याच लॉगिनच्या आहेत त्या तू भरू नकोस. त्यांच्यावर ढकल असं म्हणत नाही, त्याही तुझ्याइतक्याच थकल्या आहेत. कोणाचं काय, हे एकदा सगळ्यांनी मिळून ठरवा. आणि तुझा पासवर्ड कोणाला देऊन मोकळी होऊ नकोस. चुकीची नोंद झाली तर सही तुझी असते.

टेबलही फिरव. स्क्रीन बाजूला, पेशंट समोर. आधी हात धर, जीभ बघ, ऐकून घे, मग टाइप कर. बापरे, किती किरकोळ वाटतं हे! पण मला फार उशिरा सुचलं.

संगणकाचा राग मात्र धरू नकोस. तुझ्याकडची माणसं मिरची तोडायला तेलंगणात जातात. पूर्वी त्यांच्यातला टीबीचा पेशंट गेला की दोन-तीन महिन्यांनी खोकत परत यायचा, गोळ्या मध्येच सुटलेल्या. आता टीबीच्या निक्षय पोर्टलवरून त्याला तिकडच्या केंद्राकडे ट्रान्सफर करता येतं, सहा महिन्यांचा कोर्स तुटत नाही. ही एक एन्ट्री रात्री अकरा वाजता करावी लागली तरी मी करीन. कोणती नोंद पेशंटसाठी आहे आणि कोणती नुसती वरच्या तक्त्यासाठी, हे वहीत वेगळं दाखव. भांडायचं ते दुसरीवरून.

दिवाळीनंतरच्या रविवारी इकडे ये. वही आण, वरिष्ठांना द्यायचं पत्र आपण दोघं बसून लिहू. काकू वांग्याचं भरीत करणार आहे. राजीनाम्याचा कागदही सोबत आण, मी तो फाडायला सांगणार नाही. फक्त त्यावर अजून तारीख घालू नकोस.

तुझा,
सर