अमेरिकन चित्रकार मेरी कसाटची रंगीत मुद्राचित्रं जपानी पद्धतीने लाकडी ठशांवरून छापली आहेत का?

नाही, ती तांब्याच्या पत्र्यांवरून छापलेली आहेत. जपानी आहे ती मांडणी आणि रंगांची समज. 1890 मध्ये पॅरिसच्या एकोल दे बोझार या कलाशाळेत जपानी चित्रांचं मोठं प्रदर्शन भरलं होतं. ते पाहून तिने दहा रंगीत चित्रांचा संच केला आणि 1891 मध्ये तो मांडला. जपानमध्ये प्रत्येक रंगासाठी सहसा वेगळा ठसा कोरत, त्यावर पाण्यात कालवलेला रंग लावत आणि कागद ठेवून हाताने घासत. कोरणारा वेगळा, छापणारा वेगळा. कसाटने रेषा ड्रायपॉइंटने, म्हणजे टोकदार सुईने, थेट पत्र्यावर ओरखडल्या, सपाट रंगांसाठी ॲक्वाटिंट (आम्लाने पत्र्यावर बारीक खरखरीत पोत आणण्याची पद्धत) वापरलं आणि एका चित्राचं काम साधारण दोन-तीन पत्र्यांत भागवलं, कारण एकाच पत्र्यावर वेगवेगळे रंग ती हाताने भरत असे. प्रत्येक प्रतीसाठी हे पुन्हा करायचं! म्हणून एकाच चित्राच्या दोन प्रतींत रंग थोडे वेगळे दिसतात. याच संचातलं ‘पत्र’ हे चित्र बघा: लिफाफा ओठांशी धरलेली बाई, मागे फुलापानांचा भिंतकागद, सावली जवळपास नाहीच. जपानी मुद्राचित्रकार उतामारोची आठवण येतेच. कागदाच्या कडा कापलेल्या नसतील तर पत्र्याच्या दाबाची चौकटही दिसते. लाकडी ठशाच्या चित्रात ती नसते. मात्र हे सगळ्याच पाश्चात्त्य चित्रकारांना लागू करू नका. फ्रान्सच्याच आंरी रिव्हिएरने खरोखर लाकडी ठसे स्वतः कोरून जपानी धर्तीवर छापले होते.