'अनंत सीमा' म्हणू नका

प्रश्न आहे: कलनात (कॅल्क्युलसमध्ये) क्ष अनंताकडे नेऊन, म्हणजे वाढवतच नेऊन, जी सीमा (लिमिट, किंमत ज्या आकड्याच्या हवी तितकी जवळ जाते तो) काढतात तिला 'अनंत सीमा' म्हणावं, 'अनंताची सीमा' की 'अनंतावरची सीमा'?

'अनंत सीमा' तर मुळीच नको. इतक्यांदा ऐकलंय की आता कान किटले. (३क्ष² + ५) / (क्ष² + १) घ्या. क्ष १० असताना किंमत ३.०२ च्या आसपास, १०० असताना ३.०००२ च्या. सीमा ३. तिनात अनंत काय आहे? अनंत सीमा नुसत्या क्ष² ची, कारण तो कशालाच आवरत नाही. 'अनंताची सीमा' हा वदतोव्याघात, आणि 'अनंतावर' म्हणायला तो काही मैलाचा दगड नाही.

'सीमा' आणि 'अनंत' यांची व्युत्पत्ती कुठल्याही कोशात सापडेल. खरी मजा 'आ' या उपसर्गात आहे. पाणिनीचं सूत्र आहे, 'आङ् मर्यादाभिविध्योः'. म्हणजे 'पर्यंत' दोन तऱ्हेचं: हद्द वगळून ती मर्यादा, हद्द धरून तो अभिविधी. काशिका या पाणिनीवरच्या टीकेतली उदाहरणं बघा. 'आपाटलिपुत्रं वृष्टो देवः': पाऊस पाटलिपुत्रापर्यंत आला, नगर कोरडंच. 'आकुमारं यशः पाणिनेः': कीर्ती पोराटोरांपर्यंत, पोरंही त्यात आली. आपलं 'आमरण' पहिल्या जातीचं, 'आबालवृद्ध' दुसऱ्या.

क्ष अनंताकडे जातो तो असा, निखळ मर्यादेने. अनंत होत कधीच नाही. हे विसरलं की 'वर अनंत, खाली अनंत, काटाकाट करून १' असली उत्तरं येतात. अंश आणि छेद दोन्हींना क्ष² ने भागा, ३ समोर उभा राहतो.

फलनाच्या (फंक्शनच्या) किमतीला मात्र अभिविधीची मुभा आहे. 'फलन सीमेला कधीच शिवत नाही' असं फळ्यावर लिहून देणाऱ्या गुरुजींशी माझं जुनं भांडण आहे. क्ष अनंताकडे जाताना साइन क्ष भागिले क्ष याची सीमा शून्य, आणि ते शून्याला अगणित वेळा छेदून आरपार जातं. कुठलं सोवळं घेऊन बसलात?

आणि 'सीमा' काढून सरसकट 'मर्यादा' आणू पाहणाऱ्या शब्दशुद्धीवाल्यांनी एवढं एकच वाक्य वर्गात म्हणून दाखवावं: 'साइन क्ष मर्यादित आहे, पण अनंताकडे जाताना त्याला मर्यादा नाही.'

हां, प्रश्न राहिलाच. 'क्ष अनंताकडे जाताना सीमा' म्हणा. लांबलचक आहे, पण बिनचूक. आटोपशीर हवं तर आ + अनंत, 'आनंत सीमा' हा माझा शब्द घ्या. मी तो दोनदा छापायला दिला. दोन्ही वेळा मुद्रितशोधकाने 'आनंद सीमा' केला.