प्रकल्पाला शून्य मिळालं, दाखल्यावर येईल का?

"मॅडम, नववीच्या इतिहासाच्या प्रकल्पाला शून्य दिलंय. नेटवरून उतरवला म्हणतात. दाखल्यावर 'वर्तणूक'च्या रकान्यात काही लिहितील का? बोर्डाला कळेल का?" सदाशिव पेठेतल्या एका आईचा हा प्रश्न. सबमिशनचे दिवस आले की असे पालक माझ्याकडे सल्ला विचारायला येतातच. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. मुलाला ओंकार म्हणू.)

आधी भीतीचं बघू. बोर्डाच्या गुणपत्रिकेवर दहावीचे गुण असतात, नववीच्या प्रकल्पाचा तिथे संबंध येत नाही. दाखल्याची धास्ती असेल तर वर्गशिक्षकांना सरळ विचारावं, तर्क करत बसू नये. मात्र दहावीला लेखी 80 आणि अंतर्गत मूल्यमापनाचे 20 गुण असतात. तिथे असं घडलं तर फटका थेट निकालाला बसतो.

ओंकारचा विषय होता पानशेतचा पूर, धरण फुटून पुण्यात आलेला. अक्षर सुबक, चित्रं चिकटवलेली, सगळं नीटनेटकं. बाईंनी वर्गात विचारलं, "क्युसेक म्हणजे काय रे?" सेकंदाला किती घनफूट पाणी वाहतं त्याचं हे माप, पण त्याला सांगता येईना. "विसर्ग?" म्हणजे धरणातून सोडलेलं पाणी. तेही नाही. मग बाईंनी दोन ओळी मोबाईलवर शोधल्या, तर पानंच्या पानं जशीच्या तशी सापडली. "कोणी लिहिलं?" "मीच." या 'मीच'मुळे आईची झोप उडाली होती. मुलगा खोटारडा निघाला, असं तिच्या मनानं घेतलं होतं.

मी त्याच्याशी एकट्याशी बोलले. बराच वेळ तो बोटांची नखं खात बसला. मग म्हणाला, "लिहिलं मीच होतं ना. पण कागद बाबांनी ऑफिसातून प्रिंट काढून आणले. आदल्या रात्री. म्हणाले, हे उतरव आणि झोप." बाबांचं नाव वर्गात घ्यायचं नाही, हे त्यानं स्वतःच ठरवलं होतं.

पुढच्या भेटीला वडील आले. "अहो, सगळेच करतात. त्या वीस मार्कांसाठी पोरानं रात्रभर जागायचं का?" हे मला फार वेळा ऐकावं लागतं आणि दर वेळी त्रास होतो. मी त्यांना विद्यापीठ अनुदान आयोगाचे उतरवलेल्या लिखाणाबद्दलचे 2018 चे नियम सांगितले. प्रबंधात दुसऱ्याच्या लिखाणाशी 10 टक्क्यांपर्यंत साम्य असेल तर शिक्षा नाही. 60 टक्क्यांच्या वर गेलं तर विद्यार्थ्याची नोंदणीच रद्द होऊ शकते. हे नियम शाळेला लागू नाहीत. पण वाचलेलं स्वतःच्या शब्दांत मांडायचं कसं, हे आठवी-नववीत शिकलं नाही तर पुढे ते शिकवायला कुणी थांबत नाही. आणि ओंकारला ते येतच नव्हतं. आमची बरीचशी मुलं चोरी करायची म्हणून उतरवत नाहीत. त्यांना दुसरा मार्ग कुणी दाखवलेलाच नसतो.

शून्य रद्द करून घ्यायला आई शाळेत जाणार होती. मी जाऊ नका म्हटलं. शून्य योग्यच होतं. भर वर्गात उलटतपासणी झाली, ते मात्र मला पटलं नाही, आणि तसं बाईंशी बोलायला हरकत नाही, हेही सांगितलं. वडिलांना एवढंच म्हटलं, की कागद कुणी आणले ते बाईंना तुम्ही सांगा. ते गप्प झाले. दोन दिवसांनी शाळेत जाऊन आले.

बाईंनी प्रकल्प पुन्हा करायला परवानगी दिली, गुण न देण्याच्या अटीवर. ओंकारची आजी पुराच्या वेळी नारायण पेठेत राहायची, नऊ वर्षांची होती. त्याला मी एक पद्धत सांगितली. पुस्तकातलं पान वाचायचं, पुस्तक मिटायचं, मग आजीला समजेल असं सांगायचं. जे सांगता आलं तेच लिहायचं. एखादं वाक्य तसंच हवं असेल तर अवतरणचिन्हात घालायचं आणि खाली पुस्तकाचं नाव द्यायचं.

एका जागी गाडी अडली. आजी ठामपणे म्हणत होती, आधी खडकवासला धरण फुटलं. पुस्तकात होतं, 12 जुलै 1961 ला आधी बांधकाम चालू असलेलं पानशेत फुटलं, त्या लोंढ्यानं त्याच दिवशी खडकवासला गेलं. ओंकारनं मला विचारलं, "आजीचं खोडू का?" मी म्हटलं, दोन्ही लिही, कुणाचं काय ते सांगून. त्यानं लिहिलं: "आजीला असं आठवतं. पुस्तकात असं आहे. मला पुस्तकातलं बरोबर वाटतं, कारण पानशेत वरच्या अंगाला आहे."

हे 'कारण' पहिल्या प्रकल्पात कुठेच नव्हतं. या वेळी अक्षर गिचमिड, पानं निम्मीच, शुद्धलेखनाच्या चुका भरपूर. बाईंनी त्या सगळ्या लाल शाईनं दुरुस्त केल्या आणि 'कारण'खाली रेघ मारली. वार्षिक निकालात प्रकल्पापुढे शून्यच राहिलं. आईनं त्याबद्दल पुन्हा विचारलं नाही. वडिलांनी मात्र विचारलं, की धाकटीचा सहावीचा प्रकल्प आहे, तिला नेमकी किती मदत करायची? त्यावर आम्ही तासभर बोललो.