कपातीचा आकडा येतो कुठून?

प्रश्न : मी बाणेरच्या एका मोठ्या कंपनीत काम करते. कार्बन उत्सर्जन घटवण्याचं 'विज्ञानाधारित उद्दिष्ट' हा शब्द रोज कानावर पडतो. यात विज्ञान नेमकं कुठे आहे?

आकडा काढण्याच्या क्रमात. एरवी कंपनी आपल्याला काय झेपेल ते बघते आणि तेवढंच जाहीर करते. इथे आधी बघायचं ते हे, की तापमानवाढ 1.5 अंशांवर रोखायची तर जगाला किती कपात करावी लागेल. मग त्यातला आपला वाटा काढायचा. हवामानबदलावरच्या संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञगटाच्या, म्हणजे आयपीसीसीच्या, 2018च्या अहवालानुसार जगाचं कार्बन डायऑक्साइड उत्सर्जन 2010च्या तुलनेत 2030पर्यंत सुमारे 45 टक्क्यांनी घटायला हवं आणि 2050च्या सुमारास निव्वळ शून्यावर यायला हवं, म्हणजे जेवढं हवेत सोडलं तेवढंच शोषूनही घेतलेलं हवं. 2015मध्ये सुरू झालेला 'सायन्स बेस्ड टार्गेट्स इनिशिएटिव्ह' हा आंतरराष्ट्रीय उपक्रम कंपन्यांची उद्दिष्टं अशा कसोटीवर तपासतो. आधारवर्ष, म्हणजे ज्याच्याशी तुलना करायची ते वर्ष, 2020 धरलं, तर स्वतः जाळलेलं इंधन आणि विकत घेतलेली वीज यांचं उत्सर्जन 2030पर्यंत साधारण 42 टक्क्यांनी उतरवावं लागतं. तुमच्या कंपनीने कोणतं आधारवर्ष धरलंय, ते आधी विचारा. उत्सर्जन सर्वांत जास्त होतं तेच वर्ष निवडलं, की कपात आपोआप मोठी दिसते.

प्रश्न : भोसरीत माझं छोटं मशीन शॉप आहे. चाकणच्या ग्राहक कंपनीने कार्बनची माहिती भरायला भलीमोठी एक्सेल शीट पाठवली आहे. हे आमच्या गळ्यात का?

कारण तुमचं उत्सर्जन त्यांच्या हिशेबात 'स्कोप 3' म्हणून मोजलं जातं. कच्चा माल, सुटे भाग, वाहतूक, विकलेल्या गाडीने पुढे जाळलेलं इंधन, असं कारखान्याच्या गेटबाहेरचं सगळं त्यात येतं. एकूण उत्सर्जनात हा वाटा 40 टक्के किंवा त्याहून जास्त असेल, तर त्यासाठीही उद्दिष्ट ठेवावंच लागतं. वाहन उद्योगात तो त्याच्या कितीतरी वर जातो.

घाबरू नका. महावितरणची वर्षभराची बिलं आणि जनरेटरच्या डिझेलच्या पावत्या काढा. ग्रिडच्या विजेला युनिटमागे साधारण 0.7 किलो आणि डिझेलला लिटरमागे साधारण 2.7 किलो कार्बन डायऑक्साइड धरतात. महिन्याला 10,000 युनिट वापरत असाल, तर विजेचे वर्षाला 84 टन झाले. सुरुवातीला एवढा हिशेब पुरतो.

मग कपातीसाठी हवेच्या कॉम्प्रेसरकडे वळा. जेवणाच्या सुट्टीत सगळी मशीन बंद ठेवून फक्त तो चालू ठेवा. हवा कुणीच वापरत नसताना तो पुन्हा पुन्हा लोड घेत असेल, तर लाइन गळते आहे. जॉइंटला साबणाचं पाणी लावा, बुडबुडे जागा दाखवतील. दाब गरजेपेक्षा जास्त असेल तर एक बार (दाबाचं एकक) उतरवला तरी कॉम्प्रेसरची साधारण सहा-सात टक्के वीज वाचते.

आणि एक गोष्ट मला मनापासून सांगायची आहे. नुसती शीट पाठवून कपात होत नाही. ग्राहकाला स्पष्ट विचारा: तुमचा एनर्जी इंजिनिअर आमच्याकडे दोन दिवस पाठवाल का? छतावर सोलर बसवायला बँकेचं कर्ज घ्यायचं तर तीन-चार वर्षांच्या ऑर्डरची हमी द्याल का? उद्दिष्ट त्यांनी जाहीर केलंय, तर खर्चाचा भार एकट्या लघुउद्योजकावर टाकणं अन्यायाचं आहे.

प्रश्न : कंपनीने टेकडीवर झाडं लावली, तर ती कपातीत धरतात का?

नाही. विकत घेतलेले कार्बन क्रेडिट, म्हणजे दुसऱ्याने केलेल्या कपातीची प्रमाणपत्रं, हीही या उद्दिष्टात धरत नाहीत. निव्वळ शून्यासाठी आधी 90 टक्क्यांच्या आसपास प्रत्यक्ष कपात, उरलेल्यापुरतंच कार्बन शोषून घेणं. झाडं जरूर लावा, पण त्यांचा हिशेब वेगळा ठेवा.

प्रश्न : माझ्याकडे एका वाहन कंपनीचे शेअर आहेत. 'प्रति वाहन उत्सर्जन 30 टक्के घटलं' असं ती म्हणते. विश्वास ठेवू?

आकडा खरा असेल, तरी अपुरा आहे. त्याच काळात उत्पादन दुप्पट झालं असेल, तर एकूण उत्सर्जन 40 टक्क्यांनी वाढलं. पोलाद, सिमेंट अशा क्षेत्रांत प्रतिटन उद्दिष्ट मान्य होतं, पण ते अख्ख्या क्षेत्राच्या कपातीच्या मार्गावरून बेतलेलं असतं. सेबीच्या नियमाने आघाडीच्या 1,000 सूचीबद्ध कंपन्यांना 'बीआरएसआर' हा पर्यावरण आणि सामाजिक जबाबदारीचा अहवाल द्यावा लागतो. वार्षिक अहवालासोबत तो मिळतो. त्यात उत्सर्जनाच्या एकूण टनांचा आकडा शोधा, मागच्या वर्षीचाही शेजारीच असतो. वाढलेला दिसला, तर सर्वसाधारण सभेच्या आधी कंपनी सेक्रेटरीला लेखी प्रश्न पाठवा.